बॉक्स्टर घेणाऱ्या भाचीला

चि. भाचीस,


तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती नीट वाचल्या. त्याआधीच तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. “बारा हजार युरो! आणि ते दोन माणसांच्या जुन्या गाडीत? तू तरी तिला समजाव,” असं ती म्हणाली आणि मी समजावतो म्हणून कबूलही केलं. हे पत्र म्हणजे तेच समजावणं. मात्र नक्की काय समजावायचं याबाबत आम्हा बहीण-भावांत मतभेद आहेत. गाडी तू जरूर घ्यावीस. फक्त जी पिवळी तू पहिल्या क्रमांकावर ठेवली आहेस ती घेऊ नयेस, आणि ‘किलोमीटर फार झालेत’ म्हणून जी काळी तू बाजूला सारलीस ती आधी बघावीस, एवढंच माझं म्हणणं. ते का, हे सांगायला जरा जागा लागेल.

तुझी निवड मला आवडली. 986, म्हणजे पोर्शची पहिल्या पिढीची बॉक्स्टर, 1996 साली बाजारात आली आणि 2004 पर्यंत बनत राहिली. त्याआधीची काही वर्षं पोर्शची फार वाईट गेली होती. ही कंपनी आता कोणीतरी मोठी कंपनी गिळणार, असं तेव्हा उघड बोललं जायचं. मग वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली आणि टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार झुफेनहाउझनच्या कारखान्यात आणले. सुट्या भागांनी भरलेले उंच रॅक बघून ते सल्लागार वैतागले, आणि वीडेकिंग यांनी स्वतः हातात करवत घेऊन रॅकचे वरचे कप्पे कापले. ही गोष्ट आमच्या धंद्यात अजून सांगतात. बॉक्स्टर ही त्या काटकसरीचीच लेक. दरवाजे, पुढचा पत्रा, दिवे, सगळं त्या वेळच्या नव्या 911 शी, म्हणजे 996 शी, वाटून घेतलेलं. त्यामुळे खर्च वाचला, कंपनीही वाचली.

रसिकांनी मात्र नाकं मुरडली. दिव्यांना ते तळलेलं अंडं म्हणाले. इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होतं म्हणून हळहळले. ज्यांना 911 परवडत नाही त्यांची पोर्श, असंही म्हणाले. मी तेव्हा स्टुटगार्टच्या आसपास नोकरीला होतो आणि कॅन्टीनमध्ये हे सगळं ऐकलेलं आहे. तुझ्या दृष्टीने त्यांनी उपकारच केले. त्या नाक मुरडण्यामुळेच मधोमध इंजिन असलेली, 1250 किलोंची, सहा सिलिंडरची पोर्श आज नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा स्वस्तात मिळते. पहिल्या 2.5 लिटरच्या गाडीला 204 अश्वशक्ती होती आणि ती 240 च्या वेगाने पळायची. श्वार्त्सवाल्डमध्ये बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटला जाणारा बी-500 रस्ता तुझ्या घरापासून लांब नाही. त्या वळणांवर याहून जास्त ताकद तुला लागणारही नाही.

आता तुझ्या तीन गाड्या.

पिवळी 2001 ची, 2.7 लिटर. 31,000 किलोमीटर, आणि मालक सात. चंदेरी 1997 ची, 2.5 लिटर, डीलरकडे उभी, 95,000 किलोमीटर. काळी 2002 ची ‘एस’, 3.2 लिटर, 1,48,000 किलोमीटर. मालक दोन, त्यातल्या दुसऱ्याने ती चौदा वर्षं वापरली. तिघींची किंमत जवळपास सारखी, आणि मग साहजिकच तुला वाटलं की सर्वांत कमी चाललेली ती सर्वांत चांगली. आपल्याकडेही जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी तोच प्रश्न विचारतो: “किती चाललीय?”

हा प्रश्न अर्धवट आहे. वर्षाला सरासरी दीड हजारही न चाललेल्या गाडीचं काय होतं, ते ऐक. कोणीतरी रविवारी ती सुरू करतो, गॅरेजबाहेर काढतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आणून ठेवतो. इंजिन नीट तापतच नाही. आत जमलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल आंबट होतं आणि त्याच ऑइलात बेअरिंगं महिनोन्‌महिने भिजत राहतात. रबरी सील वाळतात. ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. एसीच्या कॉम्प्रेसरला वंगण फिरत्या गॅसबरोबरच मिळतं, तो फिरलाच नाही तर त्याची सीलंही सुकतात. टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पिवळीचे ते आकडे विचार. तिच्यावर दहा वर्षांपूर्वीचे टायर निघाले तर मला नवल वाटणार नाही.

त्यात मालक सात. म्हणजे प्रत्येकाने ‘आता हिची किंमत वाढेल’ म्हणून ती घेतली, दोन-तीन वर्षं झाकून ठेवली आणि पुढच्याला दिली. अशा गाडीवर कोणी खर्च करत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात ती विकायचीच असते. आणि समजा, ती खरोखरच निरोगी निघाली, तरी तू करशील काय? चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे तिची किंमत उतरणार. पैसे तू ज्या न झालेल्या किलोमीटरांसाठी मोजशील, तेच तू बी-500 वर उडवशील. नाहीतर चालवणार नाहीस आणि आठवी राखणदार होशील.

काळीचा मालक चौदा वर्षं ती वापरत होता. लांब जात होता, इंजिन तापवत होता, वेळेवर ऑइल बदलत होता. हे मला कसं कळलं? त्याने जाहिरातीत बिलांचे फोटो दिले आहेत, तू ते बघितलेले दिसत नाहीत. 1,12,000 किलोमीटरला क्लच बदलला, आणि त्याच बिलात खाली आणखी एक ओळ आहे: इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग. त्या एका ओळीसाठी मी ही गाडी वर आणली.

हे बेअरिंग म्हणजे 986 आणि 996 यांची बदनामी. क्रँकशाफ्टपासून कॅमशाफ्टपर्यंत चेनने फिरणारा जोर या मधल्या शाफ्टमधून जातो. शाफ्टचं फ्लायव्हीलकडचं टोक ज्या बेअरिंगवर टेकलेलं असतं, ते ग्रीस भरून, सील लावून बंद केलेलं. विचार असा होता की त्याला आयुष्यभर हात लावावा लागू नये. पण सील थकतं, इंजिनचं ऑइल आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि सील मात्र ताजं ऑइल नीट फिरू देत नाही. छर्रे झिजतात, शाफ्ट हलायला लागतो, चेनचा हिशेब चुकतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पुढे इंजिन दुरुस्त करत नाहीत, बदलतात, आणि त्या खर्चात तुझ्या बजेटची दुसरी बॉक्स्टर येते.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये छर्ऱ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरंच टिकाऊ निघालं. साधारण 2000-2001 च्या सुमारास कंपनीने एका रांगेचं बसवायला सुरुवात केली आणि तक्रारी वाढल्या त्या त्याच्याच. अमेरिकेत 2001 ते 2005 च्या मॉडेलांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला आणि 2013 मध्ये तो तडजोडीने मिटला. पुढच्या 987 मध्ये, 2006 च्या आसपास, मोठं आणि भक्कम बेअरिंग आलं, पण ते इंजिनचे दोन भाग सुटे केल्याशिवाय बाहेर निघत नाही. तुझ्या तिन्ही गाड्यांत मात्र ते बदलता येतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं. म्हणून शहाणा मालक क्लचच्या कामाबरोबरच ते उरकून घेतो. काळीच्या मालकाने हेच केलं आहे. पिवळीत ते एका रांगेचंच असण्याची शक्यता जास्त, आणि 31,000 ला क्लच बदलायचं कारण नाही, म्हणजे जुनंच बेअरिंग अजून आत बसून आहे, उभ्या गाडीच्या आंबट ऑइलात.

या भीतीचा बाऊही करू नकोस. बहुतेक 986 हे बेअरिंग घेऊन निवांत पळत आहेत. ज्या गाड्या नियमित चालतात आणि ज्यांचं ऑइल दरवर्षी बदललं जातं, त्यांना हा त्रास कमी होतो. कंपनीच्या पुस्तकात ऑइल बदलायचं अंतर फार लांब दिलेलं आहे, ते विसर. दरवर्षी बदल, गाडी कितीही कमी चाललेली असो.

गाडी बघायला जाशील तेव्हा पहिली अडचण अशी येईल की 986 चं इंजिन दिसतच नाही. पुढचं बॉनेट उघडलंस तर खोल डिकी. मागचं उघडलंस तर दुसरी डिकी, आणि तिच्या कडेला ऑइल आणि कूलंट ओतायची तोंडं. इंजिन सीटच्या पाठीमागे दडलेलं. वरून बघायचं तर घडीचा कापडी टप अर्धा उघडून, गालिचा उचलून झाकण काढावं लागतं. त्यामुळे इंजिन चकाचक पुसून गिऱ्हाइकाला भुलवायची सोय विकणाऱ्याला नाही, आणि तुलाही नुसतं डोकावून काही कळणार नाही. बैलबाजारात दात बघतात, तशी इथे दुसरीच लक्षणं बघायची.

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर मागच्या बाजूला हात लावून बघ. इंजिन गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समज. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिले दोन सेकंद चेन खुळखुळली तर चालेल, त्यानंतरही टकटक चालू राहिली तर चालणार नाही. आडव्या सिलिंडरांचं इंजिन उभं राहिलं असेल तर सुरू होताना थोडा निळसर धूर सोडतं, तोही क्षम्य. पण पांढऱ्या धुराने अंगण भरलं आणि तो थांबेना, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा भाग गेलेला आहे. खात्री करायची तर इंजिन चालू असताना मागच्या डिकीतलं ऑइलचं झाकण काढून बघ. आतून कोणी ओढून धरल्यासारखं ते निघता निघत नसेल, तर तेच दुखणं. हा भाग बदलता येतो, किमतीतून वजा करून घे.

मग टॉर्च घेऊन पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळीत डोकाव. तिथे रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर असतात आणि दोन्हींच्या मध्ये झाडांची पानं अडकतात. पानं कुजतात, मिठाळ पाणी धरून ठेवतात आणि धातू खातात. जिथे ओंजळभर कुजलेली पानं निघतात तिथला मालक बाकी काय जपत असेल? मागच्या डिकीतला गालिचा दाबून बघ. तो ओला लागला तर कूलंटची टाकी तडकलेली आहे, 986 चं हे नेहमीचं. सीटखालचा गालिचाही दाब. टपाचं पाणी वाहून नेणारी भोकं बुजली की पाणी सीटखाली उतरतं आणि इमोबिलायझरचा कंट्रोल युनिट नेमका तिथेच बसवलेला. गाडी मग सुरूच होत नाही. टप उघड, बंद कर, पुन्हा उघड. 2003 च्या मॉडेलपासून मागची काच खरी काचेची आली. तुझ्या तिन्ही गाड्यांत ती प्लास्टिकची असणार आणि थंडीत घडी घातली की तडकते. काळीच्या मालकाने घडी घालताना मधोमध हाताने हलका दाब दिला, तर त्याला गाडी कळते असं समजायला हरकत नाही.

मागच्या टायरची आतली कड खाली वाकून बघ. बाहेरून गोजिरे दिसणारे टायर आतून तारांपर्यंत झिजलेले असतात. एका एक्सलवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले तर मालकाचा हात आखडता आहे, आणि तो हात इंजिनच्या बाबतीत सैल सुटला असेल असं मला वाटत नाही.

सोबत कोणी मित्र नेलास तर विकणारा गाडीबद्दल सगळं त्यालाच सांगेल, मग पैसे तुझे असोत आणि जर्मन तुझं त्याच्याहून चांगलं असो. ही खोड पुण्यातही आहे आणि तिकडेही. मित्राला नेच, पण त्याला गाडीभोवती फिरून फोटो काढायचं काम दे. प्रश्न तू विचार.

एवढं बघून समाधान झालं तरी तिथेच हो म्हणू नकोस. गाडी पोर्शचं काम जाणणाऱ्या स्वतंत्र वर्कशॉपमध्ये न्यायला मालकाला सांग. तो आढेवेढे घेऊ लागला तर चहा न घेता परत ये. वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलून दोन गोष्टी करायच्या. ऑइलचा फिल्टर काढून कागदाच्या घड्या उघडायच्या आणि त्यात चकाकणारे धातूचे कण आहेत का बघायचं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याशी थोडं ऑइल पाझरलेलं दिसेल. क्रँकचं मागचं सील पाझरणं हे या इंजिनाचं कुळाचारातलं दुखणं, टपटप ठिबकत नसेल तर सोडून दे. आणि मग गाडीच्या संगणकातून इंजिन चालल्याचे तास काढायचे. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग येतो. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तो वेग बैलगाडीचा निघतो. चुकीचा गिअर टाकून कोणी इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलं असेल, तर बऱ्याच 986 त्याचीही नोंद ठेवतात.

मीटरशी खेळणं जर्मनीत 2005 पासून गुन्हा आहे, तरी चालतंच. त्यावर साधा उपाय कागदात आहे. तिथे दर दोन वर्षांनी होणारी तांत्रिक तपासणी, जिला सगळे ट्यूफ म्हणतात, तिच्या प्रत्येक अहवालावर त्या दिवसाचे किलोमीटर छापलेले असतात. सगळे अहवाल ओळीने मांड. आकडे चढते हवेत. मधले दोन-तीन गायब असतील तर का, ते विचार. पिवळीच्या जाहिरातीत फक्त शेवटचा अहवाल दिसतो.

मालकी हक्काचा कागद, ज्याला जुने लोक अजून फारत्सॉयगब्रीफ म्हणतात, तो बघितल्याशिवाय एक युरो हलवायचा नाही. आगाऊ रक्कम पाठवा म्हणणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला गाडीचा चासी क्रमांक कागदाशी ताडून बघ. त्या क्रमांकातलं अकरावं अक्षर एस असेल तर गाडी स्टुटगार्टची, यू असेल तर फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीची. बॉक्स्टरला मागणी इतकी आली की 1997 पासून व्हाल्मेटच्या तिथल्या कारखान्यातही ती बनू लागली. काळीत यू आहे. त्यावरून कोणी नाक मुरडलं तर त्याचा उपयोग भाव पाडायला कर, बाकी त्यात काही नाही. पुढच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर गाडीचा मूळ रंग आणि कारखान्यातून आलेल्या सगळ्या गोष्टींचे कोड असतात. स्टिकर नसेल तर ते बॉनेट बदललेलं असू शकतं, मग अपघाताचा प्रश्न थेट विचार आणि उत्तर करारात लिहून घे.

चंदेरीबद्दल फार लिहीत नाही. तिचं इंजिन दोन रांगांच्या बेअरिंगचं, म्हणजे त्या बाबतीत बरं. पण डीलरने खाली बारीक अक्षरात ‘इम कुंडेनआउफट्राग’, म्हणजे ग्राहकाच्या वतीने, असं लिहिलंय. डीलरने स्वतः विकली तर कायद्याने निदान वर्षभर दोषांची जबाबदारी त्याच्यावर राहते. ग्राहकाच्या वतीने विकली असं दाखवलं की तो हात झटकतो. खासगी विक्रेता जबाबदारी नाकारतो ते मला समजतं, तो सामान्य माणूस आहे. दुकान मांडून बसलेल्याने तेच करावं हे मला पटत नाही. तो तुला सांगेल की 2027 ला गाडीला तीस वर्षं होतील, ऐतिहासिक वाहनाची एच पाटी मिळेल, कर वाचेल. हिशेब कर. एच पाटीचा वार्षिक कर 191 युरो आणि काही सेंट. युरो 2 दर्जाच्या 2.5 लिटर पेट्रोल गाडीचा साधा कर 184 युरो. वाचवणार काय?

पाटीचंच निघालं म्हणून सांगतो, तू हंगामी पाटी घे. एप्रिल ते ऑक्टोबर घेतलीस की कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा, आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठापासून गाडी वाचते. मात्र हंगामाबाहेर ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, त्यामुळे आधी गॅरेजची जागा बघ, मग गाडी. पाच महिन्यांच्या विश्रांतीने काही बिघडत नाही. बिघडतं ते वर्षानुवर्षं उभं ठेवल्याने.

बारा हजार आहेत तर गाडीवर नऊच्या वर जाऊ नकोस. उरलेले तीन गाडीच्याच नावाने बाजूला ठेव. पहिल्या वर्षात सस्पेन्शनचे बुश, टायर, पाण्याचा पंप असं काहीतरी येणारच. ते आलं की ‘फसले’ असं न वाटता ‘ठरल्याप्रमाणे’ असं वाटावं, यासाठी ते पैसे. तू सगळेच्या सगळे बारा गाडीत घातलेस, तर पहिलं बिल आल्यावर ती विकायला काढशील आणि पुढचा कोणीतरी तिच्या मालकांच्या यादीत तुझं नाव बघून हेच म्हणेल.

‘पुढेमागे पुण्याला परत आले तर गाडी आणता येईल का’ असं तू विचारलं आहेस. नाही. आपल्याकडे आयात करायची जुनी गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. ही दोन्ही बाबतींत नापास. ती तिथेच घे, तिथेच चालव, तिथेच वीक.

तुझ्या आईला सेकंडहँड या शब्दाचीच अॅलर्जी आहे. तिला सचिनच्या फेरारीची आठवण करून दे. 2002 साली ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी झाल्यावर फियाटने त्याला 360 मोडेना भेट दिली, सिल्व्हरस्टोनला शूमाखरच्या हातून किल्ली मिळाली, मग सीमाशुल्काच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला. तुझ्या आईनेच तेव्हा त्या लाल गाडीचं कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं. 2011 मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. त्या व्यावसायिकाने घेतली ती सेकंडहँडच.

तर माझा निकाल असा. पिवळी सोड. चंदेरी डीलर स्वतःच्या नावावर विकायला तयार झाला तरच बघ. काळीला शनिवारी सकाळी लवकर जा, आणि बेअरिंगच्या बिलाचा मूळ कागद मागून घे, त्यावर वर्कशॉपचा शिक्का आणि गाडीचा क्रमांक असला पाहिजे. तपासणीत फिल्टरच्या घड्या उघडल्या की त्यांचा उजेडात काढलेला फोटो आधी मला पाठव, मग बँकेत जा. आईशी मी बोलतो.

तुझा
मामा